मागच्या खोलीचा गिलावा

"ताई, हे सिमेंट कुठे लावणार?"

मी मागे वळून पाहिलं. दुकानाच्या पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की दुकानदार आणि मी खाणाखुणांनी बोलत होतो, आणि या माणसाचा प्रश्न मात्र मला स्वच्छ ऐकू आला. हातात बारीक जाळीची चाळणी, अंगावरून पाणी निथळतंय, भुवयांमध्ये पांढरी भुकटी अडकलेली... आणि चेहरा असा, की मी सिमेंट नाही, उंदराचं औषध विकत घेतेय.

"भिंतीला," मी म्हणाले. "तोंडाला लावतात का?"

"भिंत कसली आहे?"

"घराची."

"ते कळलं हो. विटांची, दगडाची, की—"

"मातीची. हातभर जाडीची. तडा गेलाय, तो बुजवायचाय. अजून काही? जन्मतारीख सांगू?"

त्याने माझ्या पोत्यावर तळहात ठेवला. "मग नका घेऊ."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. या माणसाने त्याची गिऱ्हाइकं घालवायची ही पहिली वेळ नसावी.

"मी जुनी घरं दुरुस्त करतो," तो म्हणाला. "चुन्याचं काम."

"म्हणजे तुम्ही चुना लावता."

"हो."

"लोकांना?"

"भिंतींना. लोकांचं लोक बघून घेतात."

मी हसले. मोठ्याने हसले, आणि दुसऱ्याच क्षणी गप्प झाले. हसण्याची सवय मोडली की असंच होतं... आपलाच आवाज परक्यासारखा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराची मागची भिंत पडली होती. भर दुपारी, उन्हात, ना वारा ना पाऊस. बाबा त्या खोलीत झोपले होते.

हे मी त्याला तिथेच, त्या दुकानात, पोत्याला टेकून सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. दोन वर्षांत कोणालाच सांगायची वेळ आली नव्हती. ओळखीच्या सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. त्याने ऐकून घेतलं. 'अरेरे' म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "मी बघायला येऊ का?"

"सिमेंट न घेता गेले तर यावंच लागेल तुम्हाला."

"आणि... तुम्हाला ताई म्हटलं, ते परत घेतो," तो म्हणाला आणि चाळणी डोक्यावर धरून पावसात निघून गेला. चाळणीने पाऊस अडत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

आमचं घर शेताच्या मधोमध आहे. दगडाच्या जोत्यावर एका ओळीत तीन खोल्या, पुढे सहा लाकडी खांबांची ओसरी, वर धान्याचा माळा, त्यावर कौलं. आणि मागे, नंतर काढलेली, चौथी खोली... होती. बाबांच्या आजोबांनी घर बांधलं तेव्हा जवळ दुसरं घर नव्हतं, म्हणून खिडक्या लहान आणि भिंती जाड. बाबा प्रत्येक खांबाशी बोलायचे. दरवर्षी स्वतः चुना कालवून भिंतींवर हात फिरवायचे, आणि तेव्हा आठवडाभर त्यांच्या नखांत, कानात, भाकड विनोदांत, सगळीकडे चुनाच असायचा.

ती दुपार अशी होती. दादाकडे बियाण्याच्या कंपनीची माणसं आली होती. ओसरीवर बाबा झोपले होते. दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही मागच्या खोलीत जाऊन पडा, इथे गडबड आहे." बाबा उशी काखोटीला मारून गेले. तासाभराने भिंत बसली.

त्या दिवसापासून आई दादाशी एक शब्द बोलली नव्हती.

भांडण नाही, शिव्या नाहीत. फक्त बोलणं बंद. दादा विहिरीजवळच्या खोलीत राहायला गेला, मी शहरातली नोकरी सोडून घरी आले, आणि त्या दिवसापासून मी त्यांची टपाल कचेरी झाले. दोघं एकाच ओसरीत, पाच हातांवर बसलेले असायचे, आणि आई मला म्हणायची, "त्याला विचार, मोटर दुरुस्त झाली का." दादा म्हणायचा, "तिला सांग, उद्या होईल." मी दोन्हीकडे मान वळवायचे. सुरुवातीला शब्द पुन्हा उच्चारायचे, पुढे नुसतं "ऐकलंस ना?" म्हणायला लागले.

दादाचं म्हणणं होतं, घर पाडा. आईचं म्हणणं होतं, माझ्या जिवात जीव आहे तोवर एक कौल हलवायचं नाही. दादाला त्या भिंती बघवत नव्हत्या, आणि आईला त्यांच्याशिवाय बाबा कुठेच सापडत नव्हते. मला दोघांचं पटायचं, म्हणून माझं कोणीच ऐकत नव्हतं.

आणि आता पुढच्या भिंतीलाही तडा गेला होता.

चुनेवाला (त्याला आम्ही सगळे तेच म्हणायला लागलो) तिसऱ्या दिवशी आला. त्याने आधी घराला एक फेरी घातली. मग दुसरी घातली. कशालाही हात न लावता. मग आत येऊन भिंतीला कान लावला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं.

"आत कोणी आहे का?" मी विचारलं.

"या तुम्हीही. ऐका."

मी त्याच्यासमोर उभी राहून भिंतीला कान लावला. आमचे चेहरे वीतभर अंतरावर. त्याने वाजवलं... भरीव, गच्च आवाज. "ही भिंत निरोगी," तो म्हणाला. थोडं खाली वाजवलं... आवाज ढब्ब आला. "इथे पोकळी. माती सुटलीय." अजून थोडं बाजूला, माझ्या कानाच्या अगदी जवळ. माझ्या छातीतही काहीतरी वाजत होतं आणि ते त्याला ऐकू जाईल अशी मला भीती वाटली.

"आता कसला आवाज?" त्याने विचारलं.

"कळत नाहीये."

"मलाही," तो म्हणाला. त्याचा हात भिंतीवर नव्हताच.

काम ठरलं. आईने त्याला उभं करून आपादमस्तक न्याहाळलं, चार प्रश्न विचारले, आणि मला म्हणाली, "बरा आहे. बोलतो कमी." आईच्या तोंडून यापेक्षा मोठी प्रशस्ती मी ऐकली नव्हती. दादाने काही मत दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर वाळू आणून अंगणात ओतली. पाडायला निघालेला माणूस वाळू आणतो, यातच सगळं आलं.

चुनेवाल्याने अंगणात खड्डा खणला आणि त्यात कळीचा चुना विझवायला टाकला. पाणी पडताच खडे फुसफुसून उकळायला लागले. मी वाकून बघत होते.

"लांब व्हा, मालकीणबाई."

"मालकीण आई आहे."

"मग तुम्ही कोण?"

"मी मध्यस्थ," असं म्हणून मी काठीने खडा ढकलायला गेले आणि शिंतोडा मनगटावर आला. ओरडले. त्याने माझा हात धरून सरळ बादलीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. एक बादली झाली, दुसरी झाली.

"किती वेळ?" मी विचारलं.

"आग थांबेपर्यंत."

"...थांबली."

"नक्की?"

"नक्की."

त्याने हात सोडला नाही. मीही काढून घेतला नाही. तेवढ्यात आई ओसरीवर येऊन म्हणाली, "बादली रिकामी झाली असेल तर आणून द्या," आणि आम्ही दोघांनी एकदमच बादली उचलली.

असे पंधरा-वीस दिवस गेले. पाऊस कमी झाला, चुना खड्ड्यात लोण्यासारखा झाला, आणि मी सकाळी केस विंचरताना आरशात जास्त वेळ बघायला लागले. बाबा गेल्यावर मी हे सगळं स्वतःला मनाई करून टाकलं होतं. आता ती मनाई कोणी उठवली, कधी उठवली, मला कळलंच नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि हे कबूल करायला मला लाजही वाटत नव्हती, एवढी मी आनंदात होते.

मग एका सकाळी तो घरामागे गेला.

तिथे आम्ही कोणी जात नव्हतो. पडलेल्या भिंतीचा ढीग दोन वर्षं तसाच होता. त्यावर गवत उगवलं होतं. त्याने ढीग उपसायला सुरुवात केली तेव्हा मीही तिथे गेले, पण लांबच थांबले. त्याने गिलाव्याचे दोन-तीन मोठे तुकडे उलटे केले. पुढून राखाडी, गुळगुळीत. मागून काळे, बुरशी आलेले.

"हे बघा," तो हसत म्हणाला, "मातीच्या भिंतीला सिमेंटचा अंगरखा! आतून पण, बाहेरून पण. हे शहाणपण कोणाचं?"

आणि मी हसत म्हणाले, "दादाचं."

सहज. जिभेवर होतंच ते. बाबांनीच ठेवलं होतं.

खरं ते असं. भिंत पडायच्या तीन वर्षं आधी मला शहरात नोकरी लागली. बाबांचा गुडघा तेव्हा दुखायचा. दरवर्षी शिडीवर चढून चुना लावणं त्यांना जमेना. मी ठरवलं, मागच्या खोलीला पक्का गिलावा करून द्यायचा, म्हणजे बाबांना पुन्हा त्रास नको. दादा नको म्हणत होता. "बाबा लावतात तेच बरंय," म्हणायचा. मी रोज फोन करून त्याच्या मागे लागले. पैसे मी पाठवले, गवंडी मी ठरवला. दादा फक्त शेजारी उभा राहिला. आई तेव्हा मावशीच्या आजारपणात तिच्याकडे होती. ती परत येणार त्या दिवशी बाबा मला फोनवर म्हणाले, "आईला सांगतो, दादाने केलं म्हणून. तिला वाटतं त्याचं घरात लक्ष नाही. चालेल ना तुला?" मला काय, चाललं. आईने दादाचं कौतुक केलं, दादा कानकोंडा झाला, आणि बाबा आणि मी फोनवर किती हसलो.

म्हणून मी म्हणाले, दादाचं. तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ माहीत नव्हता.

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग वही मिटून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "काम संपलं की मला आईंना एक विचारायचंय."

"कशाबद्दल?"

"घराबद्दल नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं, असं लिहायला हवं. खरंच झालं होतं. पुरता एक दिवस.

दुसऱ्या दिवशी आईनेच त्याला बोलावलं. ओसरीवर ती धान्य निवडत बसली होती. दादा अंगणात ट्रॉलीतून वाळू उतरवत होता. मी चहा घेऊन आले.

"मागे जाऊन बघितलंस म्हणे," आई म्हणाली. "मला एक सांग. ऊन होतं. पाऊस नव्हता. भिंत का पडली?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे, एखाद्याला आजार समजावून सांगावा तसं सांगितलं. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते. चुना असला की ती ओल बाहेर निघून जाते. सिमेंटने वाट बंद होते. मग पाणी आतच राहतं, वर चढत जातं, पायाजवळची माती चिखल होते. बाहेरून मात्र भिंत ठणठणीत दिसते, कारण सिमेंटचं कवच उभंच असतं. "दोन-तीन वर्षं तग धरते. मग एक दिवस... कशाचंही निमित्त लागत नाही."

मी चहाचा ट्रे तसाच जमिनीवर ठेवला.

"म्हणजे गिलावा केला नसता तर?" आईने विचारलं.

"तर बहुतेक भिंत उभी असती."

"गिलावा कोणी केला, माहीताय तुला?"

"यांनी सांगितलं," तो हलकेच म्हणाला. "दादांनी."

आईचे हात धान्यात थांबले. तिने दादाकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. मला वाटलं आता ती त्याच्याशी बोलेल. पण ती माझ्याकडे वळली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "बापाला त्या खोलीत पाठवलंस, तो नशिबाचा भाग म्हणून मी कधीतरी गिळलं असतं. पण भिंतही तुझीच निघाली. उद्यापासून या अंगणात पाय ठेवायचा नाही. मी मेल्यावरही नाही. सांग त्याला."

दादा पाच हातांवर उभा होता. हातात फावडं. त्याने माझ्याकडे पाहिलं... मी आता बोलेन म्हणून नाही. मी बोलू नये म्हणून. मान अगदी बारीक हलवली.

मी बोलले नाही. हे मला लिहायला हवं.

"कळलं," दादा म्हणाला आणि फावडं ट्रॉलीला टेकवून निघून गेला. अर्धी वाळू ट्रॉलीतच राहिली.

मी संध्याकाळपर्यंत माळ्यावर बसून होते. खाली आई चुलीपाशी वावरत होती, भांडी वाजत होती, सगळं रोजच्यासारखं. मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होते. बाबांचा गुडघा दुखू नये म्हणून. मग बाबा... त्यापुढे मला जाता येत नव्हतं.

ऊन उतरल्यावर मी विहिरीजवळच्या खोलीत गेले. दादा कपड्यांची पिशवी भरत होता.

"का नाही बोललास?" मी विचारलं.

"काय बोलू?"

"की पैसे माझे होते. हट्ट माझा होता. तू नको म्हणत होतास."

"तुला माहीत होतं का असं होईल?"

"नाही."

"मग झालं." त्याने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आई एकाशी बोलत नाहीच. दुसरीशीही बंद केलं, तर ती बोलणार कोणाशी? भिंतींशी?"

मला रडायला आलं नाही. राग आला. आईचा, बाबांचा, याच्या या समंजसपणाचा, आणि सगळ्यात जास्त त्या हसत दिलेल्या उत्तराचा. "पिशवी खाली ठेव," मी म्हणाले. "आज रात्री कुठे जायचं नाही." आणि बाहेर पडले.

चुनेवाला खड्ड्याजवळ चुन्यावर ओलं गोणपाट घालत होता. मला बघून उभा राहिला. सकाळपासून तो माझ्याशी बोलायची संधी शोधत होता हे मला माळ्यावरून दिसलं होतं.

"माझं चुकलं का?" त्याने विचारलं. "त्यांनी विचारलं, म्हणून मी—"

"मी तुम्हाला चुना लावला," मी म्हणाले.

तो हसायला गेला आणि थांबला.

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. फोन, गवंडी, बाबांची गंमत. शेवटी म्हणाले, "आता अजून एक. माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे आजच सांगतेय, कारण उद्यापासून ते सांगायचा मला हक्क राहील असं वाटत नाही. मी बाबांना मारलंय."

त्याने हातातलं गोणपाट खाली टाकलं. मला वाटलं, आता म्हणेल, तुम्ही नाही हो मारलं, असं मनात आणू नका. कोणीही हेच म्हटलं असतं.

"भिंत त्या गिलाव्याने पडली," तो म्हणाला. "ते मी बदलून सांगू शकत नाही. तुम्हाला तर नाहीच. आणि गिलावा तुम्ही वडिलांवरच्या मायेने केलात. तेही तेवढंच खरं आहे. दोन्ही तुम्हाला बरोबरच बाळगावं लागणार."

तेव्हा मला रडू फुटलं. त्याने मला जवळ घेतलं नाही. त्याचे हात कोपरापर्यंत चुन्यात होते. तो हात अंगापासून लांब धरून, तसाच समोर उभा राहिला, आणि मी कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"आईला सांगायचंय," मी म्हणाले.

"मी येऊ?"

"नको... हो. दारापर्यंत या."

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. चुनेवाल्याला सांगताना शब्द धावत आले होते. इथे एकेक ओढून काढावा लागला. आईने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"यांना माहीत होतं?" शेवटी तिने विचारलं.

"बाबांनीच सांगितलं, दादाचं नाव घ्यायचं. तुला दादाचं कौतुक वाटावं म्हणून."

आईच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ती बाबांवर चिडली असावी. मेलेल्या माणसावर चिडता येत नाही म्हणून चिडता चिडता दमली असावी. "असलेच उद्योग सगळे," ती पुटपुटली. मग उठली. दारात उभ्या असलेल्या चुनेवाल्याला ओलांडून, अनवाणी, अंगणातून विहिरीकडे चालायला लागली. आम्ही दोघं मागून गेलो, अंतर ठेवून.

दादा खोलीच्या पायरीवर बसला होता. आईला बघून तो धडपडत उठला.

आई त्याच्यासमोर जाऊन थांबली. तिचे ओठ दोनदा हलले. दोन वर्षं न वापरलेला आवाज होता तो, त्या नावासाठी तरी.

"मोठ्या," ती म्हणाली, "जेवलास का?"

दादाने तोंड हातांत झाकलं. एवढा दांडगा माणूस, पायरीवर बसून पोरासारखा हुंदके देत होता, आणि आई त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "चल. घरी चल. चल ना."

ती त्याला घेऊन परत निघाली. माझ्या अगदी जवळून गेली. मी म्हणाले, "आई..."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. दादाचा दंड धरून म्हणाली, "तिला सांग, ताट वाढून झाकून ठेवलंय."

दादा मध्येच अवघडून उभा राहिला. त्याला हे काम येत नव्हतं. मग माझ्याकडे वळून, डोळे पुसत, म्हणाला, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हणाले.

ते दोघं घरात गेले. मी आणि तो विहिरीच्या कठड्याशी राहिलो. अंधारायला लागलं होतं.

"तुम्ही आईला काहीतरी विचारणार होता," मी म्हणाले.

"आता कसं विचारू? तुमच्याबद्दल विचारलं तर उत्तर दादांच्या हाती पाठवतील."

मला हसू आलं, अशा वेळीही. मग मी म्हणाले, "ती बोलेपर्यंत मी हे घर सोडू शकत नाही. तुम्हाला थांबा म्हणायचा मला अधिकार नाही. तिला किती दिवस लागतील ते तिलाही माहीत नसेल."

"दादांना किती लागले?"

"दोन वर्षं. आणि त्याची तर चूकही नव्हती."

त्याने घराकडे पाहिलं. जोत्यापासून कौलांपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तितकंच सावकाश.

"पुढची भिंत," तो म्हणाला. "मग दोन मधल्या. मग मागची नवी उभारायची, मातीची, थराथराने. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही. पावसाळ्यात काम बंद. मग चुन्याचे तीन हात..." त्याने बोटांवर मोजलं. "घाई केली नाही, तर दोन वर्षं सहज जातील."

"आणि त्याहून जास्त लागली तर?"

"माळ्याचे वासेही फारसे बरे नाहीत, मालकीणबाई."

मी त्याचा हात धरला. चुना वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

सकाळी तो नेहमीच्या वेळेला आला. मी ढिगाऱ्यातले सिमेंटचे तुकडे एकीकडे काढायला आधीच सुरुवात केली होती. ते काम मला दुसऱ्या कोणाला करू द्यायचं नव्हतं. आई मागच्या दाराशी आली. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच त्या बाजूला आली होती. ती ढिगाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग आत वळून म्हणाली, "मोठ्या, त्याला चहा दे."

"आणि हिला?" दादाने विचारलं.

आई आत गेली.

दादा एक कप घेऊन आला, माझ्याकडे बघून घुटमळला, आणि कप चुनेवाल्याच्या हातात देऊन निघून गेला. त्याने अर्धा चहा प्यायला आणि कप माझ्यापुढे धरला. मी उरलेला प्यायले, कप दगडावर ठेवला, आणि आम्ही पुढचा तुकडा दोघांनी मिळून उचलला.